सिसिलीच्या पोटात : आयदोने गाव आणि मोर्गान्तिनाचे अवशेष

माळरान

सिसिलीला जाणारी आपली मंडळी बहुतेक किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरतात. पालेर्मो, चेफालू, ताओर्मिना, सिराकुझा, अग्रिजेन्तोची देवळं आणि एटना ज्वालामुखी एवढं झालं की बेट पाहून झालं असं समजतात. हा धागा बेटाच्या आतल्या भागासाठी काढतेय. तिथं एन्ना जिल्ह्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आयदोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आत. गावापासून चारेक किलोमीटरवर सेर्रा ओर्लान्दो नावाच्या लांबट डोंगरधारेवर मोर्गान्तिना हे प्राचीन शहर उघड्यावर पसरलेलं आहे. मी भूमध्य समुद्राभोवतीचे बरेच अवशेष पाहिलेत, पण एखादं अख्खं ग्रीक शहर, त्याचा बाजार, कोठारं, घरं, भट्ट्या आणि भोवतीची शेती एका नजरेत आल्याचं इतकं समाधान दुसरीकडे मिळालं नाही.

आधी थोडा इतिहास. इथली मूळ वस्ती सिकेल लोकांची. ग्रीक येण्याच्या कितीतरी आधी ते शेजारच्या सुळक्यासारख्या टेकडीवर राहत होते, तिला आज चित्तादेल्ला म्हणतात. मग ग्रीक आले आणि दोन्ही समाज एकत्र नांदू लागले. इ.स.पू. ४५९ मध्ये ड्युकेटियस या सिकेल नेत्यानं ते गाव जिंकलं. त्यानंतर वस्ती सेर्रा ओर्लान्दोवर हलली आणि तिथं काटकोनात रस्ते आखलेलं नवं शहर उभं राहिलं. सिराकुझाच्या दुसऱ्या हिएरॉन राजाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात, ते सगळ्यात भरभराटीला आलं. इ.स.पू. २११ मध्ये रोमनांनी ते घेतलं आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत ते हळूहळू ओस पडलं. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की हे पूर्वी शहर होतं, आता नाही.

हे ओस पडणं आपल्या पथ्यावर पडलंय. सिराकुझा किंवा कातानियात ग्रीक शहरावर रोमन, रोमनांवर मध्ययुगीन, त्यावर बरोक असे थर चढत गेले. मोर्गान्तिनावर नंतर मोठं काही बांधलंच गेलं नाही. त्यामुळे बावीसशे वर्षांपूर्वीचा नकाशा पायाखाली सरळ वाचता येतो.

मधोमध आगोरा आहे, म्हणजे बाजारपेठ आणि सभेची जागा. तो वर आणि खाली अशा दोन पातळ्यांत आहे आणि दोन्हींना जोडणाऱ्या तीन बाजूंच्या रुंद पायऱ्या आहेत. नागरिकांची सभा या पायऱ्यांवर भरत असावी असं मानतात. एका अंगाला थिएटर आहे. त्याच्या बैठकीवर ते डायोनायसस या मद्य आणि नाटकाच्या देवाला अर्पण केल्याचा लेख कोरलेला आहे. शेजारी जमीन आणि पाताळाच्या देवतांचं पूजास्थान आहे. खालच्या बाजूला धान्याची दोन कोठारं आहेत आणि त्यांतलं पूर्वेचं नव्वद मीटरहून लांब आहे! त्याच्या टोकाशी विटांची आणि भांड्यांची मोठी भट्टी आहे.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते त्या कोठारापाशी. हिएरॉनच्या कायद्याप्रमाणे पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून द्यायचा असे. रोमन आले तेव्हा त्यांनी हीच पद्धत तशीच उचलली. कोठाराच्या भिंतीला टेकून समोर पाहावं तर डोंगरउतारांवर आजही गहूच उभा असतो. रोममध्ये ज्या धान्यावर लोक जगले त्यातलं बरंच या बेटातून गेलं, हे तिथं उभं राहिल्यावर खरंखुरं पटतं.

मग आगोराच्या वर, पूर्वेच्या टेकडीवर श्रीमंतांची घरं. गॅनिमीडच्या घरातली फरशी मुद्दाम पाहा. ग्रीक कथेतल्या गॅनिमीड या देखण्या राजपुत्राला गरुड उचलून नेतोय असं चित्र आहे. गरुडाचा बराचसा भाग गेलाय, पण चौकोनी खडे कापून बसवलेल्या मोझाइकच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. तिथून हवा स्वच्छ असेल तर एटना दिसतो, माथ्यावर बर्फ आणि धुराची रेघ.

ज्यांना किनारा सोडून आत जायचंय त्यांनी विचारा. जे माहीत आहे ते सांगते.

पाऊलवाट

वाचूनच जावंसं वाटलं. आम्ही एप्रिलअखेर सिसिलीत असू. सोबत आई आहे, वय ७१, गुडघे दुखतात पण हिंडायची हौस दांडगी. गाडी चालवणारं कुणी नाही असं धरलं तर तिथं पोचता येईल का? की कातानियाहून एका दिवसात जाऊन यावं?

मिलानवासी

@पाऊलवाट, कातानियाहून आयदोने आणि शेजारच्या पियाझ्झा आर्मेरिना गावाला बस आहेत, पण मोजक्या. रविवारी तर फारच कमी. आयदोनेपर्यंत पोचलात तरी पुढे अवशेषांपर्यंत रोज चालणारी सोय गृहीत धरू नका. गावात ज्यांच्याकडे उतराल त्यांनाच आधी फोन करून विचारा. ते बऱ्याचदा स्वतः सोडतात किंवा ओळखीचा गाडीवाला देतात. खेड्यातली माणसं याबाबतीत मोकळी असतात.

गाडी असेल तर सगळंच सोपं होतं. कातानियाहून ए१९ महामार्गानं पश्चिमेला निघायचं आणि मग आतल्या रस्त्यांनी वर चढायचं. सव्वा ते दीड तास लागतो. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातूनच काढून आणा. इथं भाड्याच्या गाड्या बहुतेक हातानं गिअर टाकायच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा. आतले रस्ते पावसाळी भूस्खलनानं खचलेले असू शकतात. नकाशा जवळचा रस्ता दाखवत असला तरी मोठ्या रस्त्यानंच जा.

एका दिवसाचा बेत मात्र करू नका. कातानियाहून निघणाऱ्या दिवसभराच्या सहली पियाझ्झा आर्मेरिनाच्या रोमन वाड्यापाशी उतरवतात, तास-दीड तास देतात आणि मोर्गान्तिना वगळून परततात.

माळरान

मिलानवासींशी पूर्ण सहमत. आयदोनेत मुक्काम करा, हेच माझं सगळ्यांना सांगणं आहे. ऊन उतरल्यावर गावातल्या चौकात माणसं येऊन बसतात, तेव्हा कळतं की ही जागा अजून जिवंत आहे.

आईंसाठी : आगोरा, थिएटर आणि कोठारं तुलनेनं सपाटीवर आहेत, सावकाश हिंडता येईल. पूर्वेच्या टेकडीवर चढ आहे आणि वाट दगडगोट्यांची आहे. त्या वर आल्या नाहीत तरी हरकत नाही. आगोराच्या पायऱ्यांवर बसून शहराचा सगळा मधला भाग दिसतो. सावली जवळपास नाही. टोपी, पाणी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेतच.

अश्मक

उत्तम धागा. इतिहासात थोडी भर घालतो, कारण या जागेची ओळख पटली ती गोष्टच विलक्षण आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठानं १९५५ मध्ये एरिक स्योक्विस्ट आणि रिचर्ड स्टिलवेल यांच्या नेतृत्वाखाली इथं उत्खनन सुरू केलं. शहर मोठं होतं हे उघडच होतं, पण नाव ठाऊक नव्हतं. नाण्यांनी ते सांगितलं. इथं ‘हिस्पानोरुम’, म्हणजे ‘स्पॅनिश लोकांचे’, असा लेख असलेली नाणी मोठ्या संख्येनं सापडत होती. सिसिलीच्या मध्यावर स्पॅनिश नाणी कशी? रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. २११ मध्ये रोमनांनी मोर्गान्तिना बक्षीस म्हणून मोएरिकस या स्पॅनिश भाडोत्री सैनिकांच्या नायकाला आणि त्याच्या माणसांना दिलं. केनान एरिम या पुरातत्त्वज्ञानं हे दोन धागे जुळवले आणि शहराला त्याचं नाव परत मिळालं.

वरच्या आगोराच्या मधोमध चौकोनी मंडई दिसते, भोवती छोटे गाळे आहेत. ती याच स्पॅनिश वसाहतीच्या काळातली.

दुसरं म्हणजे गुलामांची बंडं. सिसिलीत गव्हाच्या मोठ्या जमिनींवर गुलाम राबत. इ.स.पू. १३५ मध्ये एन्नात युनस नावाच्या सीरियन गुलामानं उठाव केला आणि काही वर्षं स्वतःचं राज्य चालवलं. तो पकडला गेला तेव्हा त्याला मोर्गान्तिनात कैदेत ठेवलं आणि तो तिथंच मेला. पुढे इ.स.पू. १०४ च्या सुमारास दुसरा उठाव झाला. त्याचा नेता साल्व्हियस यानं मोर्गान्तिनाला वेढा घातला आणि आतल्या गुलामांना सांगितलं, माझ्या बाजूला या, मी तुम्हाला मुक्त करतो. आतल्या मालकांनीही तेच वचन दिलं. गुलामांनी मालकांवर विश्वास ठेवला, त्यांच्या बाजूनं लढले आणि वेढा उठवला. मग रोमन सुभेदारानं ते वचनच रद्द केलं. त्यातले बहुतेक गुलाम सरळ बंडखोरांना जाऊन मिळाले. डायोडोरस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. त्या तटबंदीच्या कडेनं चालताना मला हीच माणसं आठवतात.

आणखी एक जागा सहसा कुणी सांगत नाही. पश्चिमेला, मुख्य आवारापासून थोडं लांब, स्नानगृहं सापडली आहेत. त्यांचं छत मातीच्या पोकळ नळ्या एकमेकींत अडकवून केलेल्या कमानींचं आणि घुमटाचं होतं. काळ इ.स.पू. तिसरं शतक. रोमन काँक्रीटचे घुमट यायला अजून बराच अवकाश होता.

शेवंती

मी मोर्गान्तिना पाहिलेलं नाही, पण तिथली देवी पाहिली आहे. लॉस एंजेलिसजवळच्या गेटी संग्रहालयात, ती परत जायच्या आधी. दालनात शिरताच समोर ती उभी होती, वाऱ्यानं अंगाला चिकटलेलं वस्त्र, एक पाय पुढे. मी बराच वेळ हललेच नाही. आता ती आयदोनेच्या संग्रहालयात आहे ना? तिच्याबद्दल लिहा की.

आणि मनातली एक शंका विचारते. तिकडे रोज शेकड्यांनी माणसं तिला पाहायची. आयदोनेला किती जण जात असतील? एवढं सुंदर शिल्प कोपऱ्यातल्या गावात नेऊन ठेवणं योग्य झालं का?

माळरान

शेवंतीताई, हो, ती तिथंच आहे. गावातल्या जुन्या कापुचिन मठात संग्रहालय आहे. ती २.२४ मीटर उंच आहे. काळ इ.स.पू. पाचव्या शतकाचा शेवटचा भाग. देह चुनखडीच्या दगडाचा आणि चेहरा, हात, पाऊल हे उघडे भाग संगमरवराचे. संगमरवर पारोस बेटावरून आलेला, तर चुनखडी सिसिलीतलीच, आग्नेयेकडच्या रागुझा भागातली. गेटीनं ती १९८८ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरला घेतली तेव्हा ती प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी मानली जात होती. आता बरेच अभ्यासक तिला धान्याची देवी डिमीटर किंवा तिची मुलगी पर्सेफोनी मानतात. चोरांनी ती मोर्गान्तिनाच्या परिसरातूनच खणून काढली असं समजलं जातं. मे २०११ मध्ये ती आयदोनेत उभी राहिली.

आता तुमच्या शंकेबद्दल. माझं उत्तर ठाम हो असं आहे. लॉस एंजेलिसमध्ये ती एक सुंदर ग्रीक मूर्ती होती. आयदोनेत ती गव्हाच्या देशातली गव्हाची देवी आहे. ज्या तळ्याकाठून पाताळाच्या राजानं पर्सेफोनीला पळवलं असं सांगतात ते पेर्गुझा तळं तिथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आईनं रागानं जमीन ओसाड केली आणि मुलगी वर्षातून काही महिने परत येऊ लागली तेव्हा कुठे पीक उगवलं, ही कथा ज्या मातीतून आली त्याच मातीत ती उभी आहे. सकाळी पूजास्थानाचे दगड पाहायचे आणि दुपारी तिच्यासमोर जायचं, हा अनुभव दुसऱ्या कुठल्याही शहरात मिळणार नाही.

आणि गर्दी नाही हे मला उणं वाटत नाही. तिच्यासमोर हवा तितका वेळ उभं राहता येतं.

तांबडा_कडा

माळरान, तुमचा जिव्हाळा कळतो, तरी दुसरी बाजू मांडतो. मूर्ती परत आल्या तेव्हा गावाला वाटलं होतं की आता पर्यटक येतील, रस्ते सुधारतील, तरुणांना काम मिळेल. तसं फारसं झालेलं दिसत नाही. वस्तू परत आणणं हा अर्धा भाग. तिथवर माणसं पोचतील अशी बस, मार्गदर्शक, राहायची सोय हा उरलेला अर्धा. तो सरकारनं केला नाही तर परत आणलेल्या मूर्तीवर आणि गावावर दोघांवरही अन्याय होतो. आपल्याकडेही हेच पाहतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं श्रीपुरंतनचा चोरीचा नटराज २०१४ मध्ये परत केला, पण तमिळनाडूत परत आलेल्या अनेक मूर्ती देवळात न जाता सरकारी सुरक्षा केंद्रात ठेवाव्या लागल्या, कारण देवळात राखण नाही.

माळरान

तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बसचं वेळापत्रक आणि रस्ते हे तिथल्या लोकांचंही गाऱ्हाणं आहे. म्हणूनच तर म्हणते की गावात राहा, तिथं जेवा, तिथं चार पैसे खर्च करा. पण सोय नाही म्हणून मूर्ती तिकडेच राहू द्यायची हे मला पटणार नाही. सोय करता येते. चोरांनी फोडलेली जागा मात्र पुन्हा जोडता येत नाही.

२०२४ मध्ये वाघनखं लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर, तेव्हा गावोगावची माणसं रांग लावून उभी होती. त्यांना काय वाटलं असेल ते आयदोनेच्या लोकांना नक्की कळेल.

अश्मक

‘फोडलेली जागा’ यावरून चांदीच्या भांड्यांची गोष्ट सांगायलाच हवी.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोन्याचा मुलामा असलेल्या चांदीच्या १६ वस्तू विकत घेतल्या होत्या. पेले, वाट्या, एक छोटी वेदी आणि दोन शिंगं. काहींवर युपोलेमोस हे नाव कोरलेलं. विकणाऱ्यांनी त्या भलतीकडच्या सांगितल्या होत्या. मोर्गान्तिनाच्या उत्खननाचे प्रमुख माल्कम बेल यांना त्या इथल्याच असल्याची खात्री होती. १९९७ मध्ये त्यांनी एका घराच्या जमिनीत उकरलेले खड्डे शोधले. तिथं चोरांच्या हातून पडलेलं १०० लिराचं नाणं सापडलं, १९७८ सालचं. म्हणजे चोरी त्या वर्षाच्या आधीची असणं शक्यच नव्हतं. मेट्रोपॉलिटननं २००६ मध्ये इटलीशी करार केला आणि २०१० मध्ये चांदी परत आली. बहुधा इ.स.पू. २११ च्या हल्ल्याच्या वेळी मालकानं ती घाईनं जमिनीखाली पुरली होती आणि मग परत काढायला तो उरला नाही. ही चांदी ठरावीक वर्षांनी न्यूयॉर्कलाही पाठवायची असं त्या करारात ठरलं होतं, त्यामुळे जाण्याआधी ती आयदोनेत आहे का हे विचारून घ्या.

पाताळाचा राजा हेडीस याचं मातीचं मस्तकही असंच परत आलं. गेटीकडे ते होतं, निळ्या दाढीचं. आयदोनेच्या संग्रहालयाच्या भांडारात जुन्या उत्खननातले मातीचे कुरळे केस पडून होते, त्यातला एक निळा. तिथल्या अभ्यासकांनी तो ओळखला, मस्तकाशी जुळवला आणि २०१६ मध्ये हेडीस घरी आला.

देवतांची चोरी या भागाला नवी नाही. व्हेरेस या रोमन सुभेदारानं एन्नातली डिमीटरची मूर्ती उचलून नेली होती. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरो या रोमन वक्त्यानं त्याच्यावर खटला चालवला तेव्हा एन्नाच्या लोकांचं दुःख त्यानं सविस्तर मांडलंय.

शेवंती

अश्मक, अंगावर काटा आला. माळरान, तुमचं उत्तर पटलं. गेटीतल्या दालनात तिच्या पाठीमागे शेत नव्हतं, हे आता जाणवतंय.

मी त्या संग्रहालयाचे फोटो शोधून पाहिले. तिथं दोन बसलेल्या देवी आहेत ना, फक्त चेहरा, हात आणि पाय असलेल्या? पाहताक्षणी मला आमच्या घरच्या गौरी आठवल्या. मुखवटे आणि हात घडवलेले, बाकी सगळं साडीनं उभं केलेलं. आणि त्याही दोघीच!

माळरान

ताई, मलाही अगदी हेच वाटलं होतं. त्या डिमीटर आणि पर्सेफोनी, आई आणि मुलगी. काळ इ.स.पू. सहाव्या शतकाचा उत्तरार्ध, म्हणजे उभ्या देवीपेक्षा शंभरेक वर्षांनी जुन्या. चेहरे, हात आणि पाय संगमरवरी. देह लाकडाचा असावा आणि त्यावर खरी वस्त्रं चढवत असावेत. लाकूड आणि कापड गेलं, संगमरवर उरला. त्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातून २००९ मध्ये परत आल्या. एका सिसिलियन वस्त्रकाराकडून त्यांच्यासाठी नवी वस्त्रं करवली गेली. चेहऱ्यावर ते जुन्या ग्रीक शिल्पांतलं मंद स्मित आहे. दगडी डोळ्यांकडे पाहताना मी नमस्कार केला, हात आपसूक जोडले गेले.

मिलानवासी

पियाझ्झा आर्मेरिनाचा रोमन वाडा मी वर ओझरता उल्लेखून सोडला, पण तो चुकवू नका. विला रोमाना देल कासाले. आयदोनेहून पियाझ्झा आर्मेरिना दहाएक किलोमीटर आणि वाडा त्यापुढे थोडा खाली, दरीत. १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. इ.स. चौथ्या शतकातला वाडा. बाराव्या शतकात दरड कोसळून गाडला गेला, म्हणून फरशा वाचल्या. सुमारे ३५०० चौरस मीटर मोझाइक! वरून बांधलेल्या पुलांवरून चालत खाली पाहायचं.

साठ मीटरहून लांब अशा एका ओसरीत शिकारीचं एकच सलग चित्र आहे. रोमच्या खेळांसाठी जनावरं कशी पकडत आणि जहाजांवर चढवत ते त्यात आहे. एका वाघिणीला फसवण्यासाठी चकचकीत गोळा टाकलाय. तिला त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, ते पिल्लू वाटून ती थांबते आणि शिकारी पळ काढतो. ओसरीच्या दक्षिण टोकाला एक सावळी स्त्री बसली आहे, हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वाघ. ती भारताचं मूर्त रूप आहे असं म्हणणारे बरेच अभ्यासक आहेत. इजिप्त किंवा इथिओपिया म्हणणारेही आहेत. वाघ पाहता मी भारताच्या बाजूचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमन जगाशी शतकानुशतकं व्यापार चालत होता, तेव्हा वाड्याच्या मालकाला हा देश ऐकून तरी नक्कीच ठाऊक असणार.

वाडा, मोर्गान्तिना आणि आयदोनेचं संग्रहालय मिळून एकत्रित तिकीट निघतं, ते स्वस्त पडतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार! आता मुक्काम आयदोनेतच. तीन गोष्टी विचारते : निसर्ग कसा असतो त्या दिवसांत, पेर्गुझा तळ्याला थांबावं का आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय?

माळरान

एप्रिलअखेर म्हणजे सगळ्यात चांगले दिवस. गहू हिरवा असतो, मे सरता सरता तो पिवळा पडतो आणि जूनमध्ये सगळं सोनेरी. मधेमधे सुल्ला नावाच्या चाऱ्याच्या पिकाचे गडद तांबडे पट्टे, रस्त्याकडेला पिवळी रानफुलं आणि रानबडीशेप. बांधावर निवडुंग, बदाम, ऑलिव्ह. जुलै-ऑगस्टमध्ये हाच मुलूख करपून जातो आणि दुपारी अवशेषांत उभं राहवत नाही. हिवाळ्यात धुकं आणि बोचरा वारा.

पेर्गुझाबद्दल खरं सांगते. प्राचीन लेखकांनी त्या परिसराचं फार वर्णन केलंय. डायोडोरस म्हणतो, फुलांच्या वासानं शिकारी कुत्र्यांनाही माग लागत नसे. आज तळ्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा पक्का रस्ता आहे आणि २०२४ च्या दुष्काळात तळं जवळपास आटलं होतं. त्या कथेच्या ओढीनं जाणार असाल तर जा, पक्षीही दिसतात. पण सकाळ तिथं खर्चू नका. त्यापेक्षा एन्नाला चढा. ९०० मीटरहून उंच शहर आहे. किल्ल्याशेजारच्या डिमीटरच्या खडकावरून अर्धं बेट दिसतं.

वाटेत फ्लोरिस्तेल्लाच्या गंधकाच्या खाणी लागतात. आता तिथं उद्यान आहे. गेल्या शतकापर्यंत कोवळी पोरं कर्जापोटी बांधून घेतलेली असत आणि पाठीवर गंधकाचे दगड वाहत. या सुंदर टेकड्यांच्या पोटात हेही आहे, ते पाहून यावं असं मला वाटतं.

मिलानवासी

आईंच्या जेवणाचं मी सांगतो. चिंता नको. सुक्या बाकळ्याच्या डाळीचं घट्ट सार मिळतं, त्याला माक्को म्हणतात, वर रानबडीशेप आणि ऑलिव्ह तेल. वांग्याची आंबटगोड कापोनाता, हरभरे घातलेला पास्ता, कडक गव्हाचा पाव, ताजी रिकोत्ता. इथल्या चीजची खासियत म्हणजे पियाचेन्तिनू. मेंढीच्या दुधाचं, केशरानं पिवळं झालेलं आणि आत अख्खी काळी मिरी. फक्त दोन गोष्टी. एक, अशा पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आईंना चालत नसेल तर टाळा. दोन, डाळीच्या सारात किंवा भाजीत कधी डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा छोटे मासे घालतात. मांस नको, मासे नको, दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे येऊ शकतात.

दुपारी एक ते चार गाव बंद असतं. फळं, पाव जवळ ठेवा.

तांबडा_कडा

एक प्रश्न माझाही. आधी संग्रहालय की आधी अवशेष? मी नेहमी आधी संग्रहालय पाहतो, म्हणजे दगडांचा अर्थ लागतो.

अश्मक

मी तुमच्याच मताचा. संग्रहालयात घरांमधली भांडी, दिवे, मातीच्या छोट्या देवी पाहिल्या की मग गॅनिमीडच्या घरात नुसत्या भिंती दिसत नाहीत, माणसं दिसतात.

माळरान

इथं मी वेगळं सांगेन. आधी अवशेष, सकाळी दार उघडताच. थिएटर, आगोरा, पूजास्थान, कोठारं आणि चढ जमत असेल तर घरं. ऊन चढलं की गावात येऊन संग्रहालय. पूजास्थान रिकामं पाहिलेलं असलं की मठातल्या त्या दालनात देवी समोर आल्यावर काय परत आलंय ते कळतं. उलट्या क्रमानं ते होत नाही.

@पाऊलवाट, तारखा एकदा तपासा. १ मे ला आयदोनेत संत फिलिपचा उत्सव असतो. आसपासच्या गावांतून माणसं चालत येतात, कितीतरी जण अनवाणी. तेव्हा खोली मिळणं अवघड जातं. एप्रिलअखेरचा मुक्काम तिथवर लांबवता आला तर लांबवा, पण खोली आत्ताच राखून ठेवा आणि त्या दिवशी गाडी गावाबाहेर लावावी लागेल का हेही विचारून घ्या.

पाऊलवाट

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते १ मे पर्यंत थांबायचंच. खोलीसाठी आजच निरोप पाठवते, आणि मांस व मासे दोन्ही नको हे इटालियनमध्ये लिहून घेते. मिलानवासी, ती वाक्यं इथंच टाकाल का? बाकीच्यांनाही उपयोगी पडतील.

मिलानवासी

टाकतो. दोन वाक्यं पुरतील : ‘सेन्त्सा कार्ने, पेर फावोरे. सेन्त्सा पेश्शे, नेम्मेनो अच्चूगे.’ म्हणजे मांस नको आणि मासे नकोत, अगदी अँचोव्हीसुद्धा नको. ते शेवटचे शब्द विसरू नका, कारण भाज्यांत गुपचूप घातला जातो तो बहुधा हाच मासा.